पेशीचा सांगावा

सिंगापूरमधल्या पुंगोलच्या मराठी घरांत मुलांच्या करिअरचा विषय निघाला की दोनच उत्तरं ऐकू येतात: मेडिकल, नाहीतर कॉम्प्युटर. इथे डिजिटल डिस्ट्रिक्ट आणि सिंगापूर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा नवा कॅम्पस उभा राहिल्यापासून दुसऱ्याचं पारडं आणखी जड झालं आहे. एका रेणूमागे वर्षानुवर्षं लागणारा संशोधक या हिशेबात कुठेच बसत नाही. म्हणून आज डॉ. भास्कर साहा यांच्या कामाबद्दल लिहायचं आहे.

त्यांची कर्मभूमी पुणे. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात त्यांनी रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास केला. एका पेशीने दिलेला सांगावा दुसरीच्या आत कसा पोहोचतो आणि पोहोचल्यावर नेमकं काय घडतं, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी निवडला लिश्मानिया. काळा आजार ज्या परजीवींमुळे होतो, त्यांच्याच कुळातला हा जंतू. तो राहतो कुठे, तर ज्या भक्षक पेशीने त्याला गिळून संपवायचं, तिच्याच पोटात!

या भक्षक पेशीच्या पृष्ठभागावर सीडी४० नावाचा रेणू असतो. रोगप्रतिकारशक्तीचीच दुसरी एक पेशी, टी-पेशी, त्याला येऊन भिडते, आणि ‘आत शत्रू आहे, मार’ हा आदेश त्यातूनच जातो असं मानलं जाई. साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवलं की याच सीडी४०मधून परस्परविरोधी आदेश जातात. संकेत जोरकस असेल तर पी३८ नावाचं विकर जागं होतं, आयएल-१२ हे संदेशवाहक प्रथिन तयार होतं आणि जंतू मारण्याची तयारी सुरू होते. संकेत क्षीण असेल तर ईआरके हे दुसरं विकर पुढे सरसावतं, आयएल-१० तयार होतं आणि पेशी थंड पडते. लिश्मानिया पेशीला या दुसऱ्या वाटेने ढकलतो.

कसा ढकलतो, हे शोधायला आणखी काही वर्षं गेली. २००९ साली ‘नेचर इम्युनॉलॉजी’त उत्तर आलं: जंतू पेशीच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल कमी करतो. त्यामुळे सीडी४०भोवती आयएल-१२ घडवणारी प्रथिनांची जुळणी होत नाही, आयएल-१० घडवणारी मात्र होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जीवाने आपल्या मारेकऱ्याचाच कान असा पिळावा, हे वाचून मी थक्क होते. त्याच वर्षी साहा यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न मला दर वेळी ऐकायला मिळतो. त्याला उत्तर आहे. १९९६ साली साहा यांचा अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध आला होता. टी-पेशीवरच्या सीडी२८ या रेणूचा जनुक काढून टाकलेले उंदीर एका जिवाणूच्या प्राणघातक विषातूनही वाचले, असं त्यात दाखवलं होतं. म्हणजे जीव घेण्यात विषाइतकाच आपल्याच पेशींच्या अतिरेकाचा हात होता. दहा वर्षांनी, मार्च २००६मध्ये, लंडनमध्ये सीडी२८ला थेट चेतवणारं एक नवं औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना टोचलं गेलं आणि काही तासांत त्याच अतिरेकाने सहाही जण अत्यवस्थ झाले. सुदैवाने सगळे वाचले. १९९६च्या त्या निबंधाच्या लेखकांत कार्ल जून हेही होते. रुग्णाच्या टी-पेशींत बदल करून त्यांना कर्करोगाशी लढवणाऱ्या कार-टी उपचारांचे ते पुढे एक प्रवर्तक ठरले. त्या उपचारातल्या पेशींना सीडी२८ किंवा तशाच एखाद्या रेणूचा संकेत देणारा तुकडा जोडलेला असतो. याच जातीचा भारतीय बनावटीचा उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभा राहिला आणि ऑक्टोबर २०२३मध्ये त्याला मान्यता मिळाली. उंदरांपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतची ही वाट पाव शतकाहून लांब आहे, आणि ती चालणाऱ्यांना तिचा शेवट आधी ठाऊक नव्हता.

ही वाट पैशाविना चालता येत नाही. भारतात सरकारी आणि खासगी मिळून संशोधनावरचा खर्च देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) ०.६४ टक्के आहे. सिंगापूरचं एकटं सरकार सुमारे १ टक्का देतं. असा खर्च साथीच्या वेळी कामी येतो. २००३च्या सार्समध्ये या छोट्या देशात ३३ माणसं गेली. त्या साथीतून बरे झालेल्यांच्या रक्तात १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी आहेत, हे कोविडच्या पहिल्याच वर्षी इथल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं. रोगप्रतिकारशास्त्राची प्रयोगशाळा साथ आल्यावर उभारता येत नाही. ती आधीपासून चालती असावी लागते, आणि भारत तिथेच हात आखडता घेतो, हे मला अक्षम्य वाटतं.

पालकांना एवढीच विनंती आहे: ज्युनिअर कॉलेजातल्या तुमच्या मुलीने पेशींवर संशोधन करायचं म्हटलं, तर पगाराचा आकडा विचारण्याआधी तिला नेमकं काय शोधायचं आहे ते विचारा. तिला उत्तर सापडायला वेळ लागेल. तो तिला द्या.