प्रवचन लागताच बंद पडणारा संगणक



पर्युषण जवळ आले की या सदराकडे एक तक्रार हमखास येते. घरचा संगणक दिवसभर टॅली, बिले, पत्रव्यवहार निमूटपणे सांभाळतो. सायंकाळी वडीलधाऱ्यांसाठी प्रवचनाचा व्हिडिओ लावला, की पंधरा-वीस मिनिटांत एकाएकी बंद पडतो. बहुतेकांचा पहिला संशय इंटरनेटवर जातो. परंतु इंटरनेट मंद असेल तर चित्र थांबते, पडद्यावर वर्तुळ फिरत राहते. यंत्र बंद पडत नाही.

कारण निराळे आहे. जमाखर्चाच्या नोंदी करताना संगणक बव्हंशी आपल्या बोटांची वाट पाहत बसलेला असतो. व्हिडिओमध्ये त्याला उसंत नसते. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे एक चित्र म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू. अशी ३० चित्रे दर सेकंदाला उलगडून पडद्यावर मांडायची, आणि तेही तासभर अखंड. यंत्रातील जुने दुखणे या श्रमात उघडे पडते. व्हिडिओ हे दुखण्याचे कारण नव्हे, केवळ कसोटी आहे.

म्हणून दुरुस्तीच्या आधी हिशेबाची प्रत काढावी. आज प्रवचनात बंद पडणारे यंत्र उद्या विवरणपत्र भरण्याच्या रात्रीही बंद पडेल, आणि टॅली उघडी असताना वीज तुटली तर विदा बिघडू शकते. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय ही बटणे एकत्र दाबून 'बॅकअप' निवडावा, व प्रत त्याच डिस्कवर न ठेवता बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज प्रत झाली असे मानू नये. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे आपल्यावर बंधनकारक आहे.

आता यंत्र कसे बंद पडते, याकडे लक्ष द्यावे. काहीही न सांगता दिवा विझावा तसे विझत असेल, तर प्रथम उष्णतेचा संशय घ्यावा. बहुतेक प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास आधी मंदावतात, आणि तरीही ताप उतरला नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करतात. एचडब्ल्यूइन्फो नावाची मोफत प्रणाली हा आकडा दाखवते. व्हिडिओ चालू असताना तो नव्वदीपुढे जात असेल तर निदान झालेच.

आपल्या घरांत याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. दुकान खाली, घर वर. कापडाची तूस, धान्याचा कोंडा, मसाल्याची पूड सारे पंख्यात जाऊन बसते. त्यात संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेला! गरम हवेला बाहेर पडायला वाटच नसते.

साफसफाई जयणापूर्वक करावी, आणि हे केवळ औपचारिक म्हणून लिहीत नाही. पावसाळ्यात ऊब शोधत झुरळे, कोळी, क्वचित पालही या खोक्यात आश्रय घेते. वायर काढून, यंत्र पूर्ण थंड झाल्यावर बाजूचे झाकण उघडावे आणि दिवसाउजेडी काही वेळ तसेच राहू द्यावे, म्हणजे जीवांना निघून जायला अवसर मिळतो. कीटकनाशक मुळीच फवारू नये. ते जीवांना घातक आणि सर्किटलाही. पुंजणीने बाहेरचा भाग पुसावा, परंतु आतील सर्किटवर ती फिरवू नये. लोकरीच्या घर्षणातून स्थिर वीज निर्माण होते. आत कोरडा, मऊ रंगाचा ब्रश पुरे. पंख्याचे पाते बोटाने धरूनच धूळ झाडावी. यंत्र जुने असेल तर प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट जाणकाराकडून बदलून घ्यावी.

यंत्र थंड असूनही पडदा निळा होत असेल, तर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे वळावे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'खाली ग्राफिक्स ॲक्सेलरेशनची सोय बंद करून तोच व्हिडिओ पुन्हा लावावा. आता तो निर्विघ्न चालला तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. डिव्हाइस मॅनेजरमधून पूर्वीची आवृत्ती परत आणता येते, किंवा निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नवी घेता येते. मात्र ही सोय बंद केल्याने प्रोसेसरवरचा भार वाढतो, म्हणून हा प्रयोग सफाईनंतरच करावा.

दोन्ही करूनही गुण आला नाही तर एसएमपीएस किंवा रॅम. रॅमची तपासणी विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिकने घरीच होते. एसएमपीएस मात्र दुसरा लावूनच पाहावा लागतो. दुरुस्ती करणारे कधी इव्हेंट व्ह्यूअरमधील '४१' हा क्रमांक दाखवून तोच रोग असल्याचे सांगतात. ती केवळ नोंद आहे, की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. का, ते ती सांगत नाही.

'संगणक वेगवान करा' म्हणणाऱ्या जाहिराती आणि फुकटचे कोडेक पॅक यांपासून दूर राहावे. व्हीएलसी प्लेअर मोफत असून बहुतेक सर्व व्हिडिओंना पुरतो. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही खर्चाचा निर्णय घेताना ध्यानात असू द्यावे. पंधरा वर्षांच्या यंत्रावर नवा एसएमपीएस बसवणे मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

यंत्र दुकानात द्यावेच लागले, तर पावतीवर लिहून घ्यावे : विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. धुळीने तापलेले यंत्र फॉरमॅटनंतरही तितक्याच मिनिटांत बंद पडते, आणि तोवर वहीखाते गेलेले असते.