'लॅप्स' : कर्त्याला लपवणारे क्रियापद

विम्याचा हप्ता थकला की पॉलिसी 'लॅप्स' होते. वर्षाअखेरपर्यंत न घेतलेली रजाही 'लॅप्स' होते. हे इंग्रजी क्रियापद मराठी घरांत इतके रुळले आहे की, याच शब्दाने एकेकाळी साताऱ्याची गादी गिळली हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

शब्दाचे मूळ लॅटिन. अर्थ घसरणे, निसटणे. इंग्रजी कायद्यात तो हक्कांना लागू झाला. मुदतीत न बजावलेला किंवा धनी न उरलेला हक्क 'लॅप्स' होतो, म्हणजे आपोआप संपतो. येथे व्याकरणाकडे नीट पाहावे. क्रियापद अकर्मक आहे. कोणी काही हिरावून घेतले, असे त्यात म्हणावेच लागत नाही.

लॉर्ड डलहौसीला हेच सोयीचे पडले. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा वारसच. आणि १८१९ च्या तहात छत्रपती प्रतापसिंहांच्या वारसांचा हक्क कंपनीने मान्य केलेला होता. तरीही राज्य 'लॅप्स' झाले. दत्तक खासगी मालमत्तेपुरता चालेल, गादीला चालणार नाही, असा युक्तिवाद झाला. १८५४ मध्ये झाशी आणि नागपूरही त्याच वाटेने गेले. झाशीच्या गंगाधररावांनी तर इंग्रज अधिकाऱ्याच्या समक्ष दत्तक घेतला होता. नागपूरकर भोसल्यांचे जवाहीर लिलावात निघाले. राज्य आपोआप निसटले म्हणावे, तर लिलाव पुकारणारे कोण होते?

हे तत्त्व डलहौसीने शोधून काढले नाही, हे खरे. दत्तकाला मंजुरी अपवादानेच द्यावी, असे कंपनीच्या संचालकांनी १८३४ मध्येच कळवले होते. पण शब्द जुना म्हणून कृती निर्दोष ठरत नाही.

मराठीने या बाबतीत अधिक प्रामाणिकपणा दाखवला. 'राज्य खालसा केले' असे म्हटले की कर्ता आलाच. 'खालसा' म्हणजे सरकारच्या थेट अमलाखालचा मुलूख. तो तसा कोणीतरी करावा लागतो. पाठ्यपुस्तकांतील 'दत्तक वारसा नामंजूर' हा शब्दप्रयोग तर मूळ इंग्रजी नावापेक्षा सरस आहे, कारण त्यात नकार उघड दिसतो. मात्र 'सातारा खालसा झाले' असेही सर्रास लिहिले जाते, आणि तेवढ्यात डलहौसी वाक्यातून निसटतो.

जवळजवळ शंभर वर्षांनी हेच क्रियापद परत आले. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या कलम ७ मध्ये संस्थानांवरील ब्रिटिश राजाच्या अधिसत्तेसाठी तेच योजले आहे. १५ ऑगस्ट १९४७ पासून ती अधिसत्ता 'लॅप्स' झाली. ती कोणी संपवली, याचा त्या वाक्यात उल्लेख नाही.