मोटारीचें निदान

मला मोटार हांकतां येत नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. उभा जन्म मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत गेला. यंत्राशीं माझा संबंध आला तो शाळेच्या घंटेपुरता, आणि तीहि शिपाईच वाजवीत असे. तरी या महिन्याचा मजकूर मोटारीवर आहे. त्यास कारण झालें तें आमच्या घरीं आलेलें १६,३०० रुपयांचें एक बिल.

आमचें बिऱ्हाड घाटकोपरास, पंतनगरांत. घरांत लहानमोठीं नऊ माणसें आणि गाडी एक. चिरंजीवांनीं ती हौसेनें घेतली खरी, परंतु गेलीं दोन वर्षें तिचे खरे धनी म्हणजे माझे वडील बंधु अण्णा. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळीं सात वाजतां त्यांना डायालिसिससाठीं इस्पितळांत हजर व्हावें लागतें.

गेल्या आषाढांत एका शुक्रवारीं गाडी चालू होईना. किल्ली फिरविली कीं ‘टक्’ एवढाच आवाज. दिवे मात्र लख्ख. आमचा मेकॅनिक अकरा वर्षांच्या ओळखीचा. त्यानें बॉनेट उघडलें, क्षणभर पाहिलें आणि “बॅटरी गेली” असा निकाल दिला. नवी बॅटरी बसली, गाडी चालू झाली. रविवारीं पुन्हां ‘टक्’. सोमवारीं त्यानें निदान फिरविलें: “सेल्फ गेला.” सेल्फ म्हणजे इंजिनास पहिली गति देणारी विजेची मोटर. तोहि नवा बसला. मंगळवार सुरळीत गेला. गुरुवारीं पहाटे, मुसळधार पावसांत, अण्णा छत्री धरून आवारांत उभे, आणि गाडीचें पुन्हां तेंच. रिक्षा मिळेपर्यंत ते गुडघ्यापर्यंत भिजले. इस्पितळांत पाऊण तास उशिरा पोंचले. तेवढा वेळ त्या दिवशींच्या उपचारांतून कापला गेला. अण्णा कांहीं बोलले नाहींत. बोलले असते तर मला बरें वाटलें असतें.

त्याच दुपारीं चिरंजीवांनीं विद्याविहारकडचा, मोटारींचें वीजकाम करणारा एक तरुण आणला. त्यानें कांहींएक न खोलतां मीटर काढला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग मीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूस व दुसरें इंजिनाच्या अंगास लावून त्यानें किल्ली फिरवावयास सांगितलें. त्या दोहोंमध्यें अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक दिसूं नये, दिसला सातांचा. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांस जोडणारी तांब्याच्या तारांची एक पट्टी असते. तिच्या बोल्टाखालीं पावसाळी हवेनें गंज धरला होता. गणित शाळेंतलेंच आहे: सेल्फ शंभर अँपियर ओढूं लागला आणि वाटेंत ०.०७ ओहमचा अडथळा असला, तर सात व्होल्ट त्या अडथळ्यांतच खर्ची पडतात. उरलेल्या पांचांत सेल्फ काय हालणार! दिव्यांना ती पट्टी लागत नाहीं, म्हणून ते खुशाल जळत होते. आणि प्रत्येक खोलाखोलींत पट्टीस धक्का लागून दोन दिवसांपुरता स्पर्श जुळत असावा, म्हणून औषध लागूं पडल्याचा भास होई. त्या तरुणानें बोल्ट सोडला, पॉलिश पेपरानें जागा घासली, पुन्हां आंवळली, आणि ३५० रुपये घेऊन तो गेला. वीस मिनिटें लागलीं.

शुक्रवारीं आमच्या मेकॅनिकाचें बिल आलें. बॅटरी ६,२००, सेल्फ ७,४००, मजुरी १,८००, आणि ‘वायरिंग चेकिंग’ ९००. हा शेवटचा आंकडा वाचून चिरंजीव उसळले. “एक पैसा द्यायचा नाहीं!” वहिनींचें म्हणणें उलट: “भावोजी, अकरा वर्षांचा माणूस. रात्रीं बाराला बोलावलें तरी धांवून येतो. देऊन टाका आणि विसरा.” आमच्यासारख्या घरांत बहुधा हे दोनच पक्ष असतात, आणि बिल नीट वाचण्याची गरज दोघांसहि वाटत नाहीं. भीड ही भिकेची बहीण खरी; पण संतापहि तिचाच कोणी आप्त असावा, कारण शेवटीं तोहि खिशाला किंवा संबंधाला भोंवतो.

माझी संवय पोथी उघडण्याची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, चौथ्या अधिकरणाच्या आरंभींच कारागिरांपासून प्रजेचें रक्षण हा विषय आहे. सांगितल्याहून भलतें काम करणाऱ्या कारागिराचें वेतन बुडतें, आणि वर वेतनाच्या दुप्पट दंड! चिरंजीव खूष झाले. याज्ञवल्क्यानें खोटी चिकित्सा करणाऱ्या वैद्यास दंड ठरविला आहे: पशूंच्या बाबतींत कनिष्ठ, माणसांच्या बाबतींत मध्यम, राजपुरुषांच्या बाबतींत उत्तम. (राजपुरुषाची नाडी इतरांहून महाग कां, हें मला कधींच उमगलें नाहीं.) मोटारीस पशूंत धरण्यास हरकत नसावी. परंतु कौटिल्याच्या त्याच प्रकरणांत दंडाच्या आधीं एक अट आहे, ती मीं चिरंजीवांस वाचून दाखविली: काम कोणतें, कोठें आणि किती वेळांत, हें आधीं ठरलेलें असावें. आम्हीं काय ठरविलें होतें? “कसेंहि करून चालू करून दे; उद्यां अण्णांना न्यायचें आहे.”

आजच्या कायद्याची दृष्टीहि साधारण अशीच आहे. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मोबदला घेऊन केलेली वैद्यकी ग्राहक कायद्याखालीं आणली. तरी केवळ निदान चुकलें म्हणून वैद्य दोषी ठरत नाहीं, वाजवी काळजी घेतली होती कीं नाहीं तें पाहतात. हेंच माप मेकॅनिकास लावावें असें मला वाटलें. बॅटरीवर संशय घेणें हा गुन्हा नव्हे; पेटींत मीटर असतां तो न लावणें हा मात्र दोष.

सुदैवानें गाडी आमच्या दारांत होती. ती त्याच्या गॅरेजांत असती तर प्रश्न बिकट होता. १८७२ च्या करार कायद्याचें १७० वें कलम कारागिरास योग्य मेहनताना मिळेपर्यंत वस्तु अडवून ठेवण्याचा हक्क देतें. जवाहिऱ्यास पैलू पाडावयास दिलेला हिरा हें त्यांतील उदाहरण. अशा वेळीं हुज्जत घालीत गाडी तेथेंच ठेवण्यापेक्षां, ‘तक्रार राखून रक्कम दिली’ असें बिलावर लिहून गाडी सोडवावी आणि मग जादा रकमेसाठीं भांडावें. त्याच कायद्याच्या ७२ व्या कलमाखालीं, माल अडवून रेल्वे कंपनीनें उकळलेलें बेकायदा जादा भाडें परत मिळतें, असा दाखलाच दिलेला आहे. भांडण चिघळलें तर उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्र्यास आहे. दोन वर्षांच्या आंत अर्ज करावा लागतो, वकील लागत नाहीं, आणि मोबदला पांच लाखांपर्यंत असल्यास फीहि नाहीं. १९१५ या क्रमांकावर फोन करून आधीं सल्लाहि मिळतो.

हें सारें मनाशीं जुळवून मी एकटाच गॅरेजांत गेलों. ३५० रुपयांची पावती पुढें ठेवली आणि गुरुवारची पहाट सांगितली. तो बराच वेळ पावतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, चुकलं. मीटर लावायला पाहिजे होता. पण एक विचारूं? अकरा वर्षांत नुसतं तपासायचे पैसे तुमच्या घरांतून कधीं मिळालेत? एकदां तासभर गाडी बघून ‘कांहीं झालेलं नाहीं’ म्हटलं, तर चहा मिळाला. पार्ट बदलला कीं पैसे मिळतात.”

मला एकदम उत्तर सुचेना. वैद्यास आपण नाडी पाहण्याबद्दल पैसे देतों आणि औषध निराळें घेतों. याच्याकडून मात्र निदान फुकट मागत आलों. उरलेला हिशेब त्यानें औषधांत घातला, एवढेंच. “मग हे नऊशें कसले?” असें मीं विचारलें तेव्हां तो ओशाळला. तो आंकडा त्यानें स्वतःच्याच हातानें खोडला.

मग तडजोड झाली. जुनी बॅटरी चार वर्षांची होती, नवी आमच्याच गाडींत आहे. तिचे ६,२०० पुरे दिले. मजुरी त्यानें सोडली. सेल्फ दुकानदार परत घेईना, वीजेचा माल बसविल्यावर कोणी घेत नाहीं. त्याचें निम्में त्याच्याकडे, निम्में आमच्याकडे. एकूण ९,९०० झाले. जुना सेल्फ मीं मागून आणला. घरीं चिरंजीवांस वाटलें मीं फार दिलें. वहिनींस वाटलें बिचाऱ्याचें फार कापलें.

आतां गाडी त्याच्याकडे गेली कीं प्रथम तपासणीचे ३०० रुपये द्यावयाचे, त्यानें दोष कागदावर लिहून द्यावयाचा, आम्हीं होय म्हटल्यावांचून पार्ट बदलावयाचा नाहीं, असें ठरलें आहे. गेल्या महिन्यांत चाकाकडून आवाज येतो म्हणून गाडी नेली. अर्धा तास पाहून त्यानें एक खडा काढला आणि ३०० घेतले. “खड्याचे तीनशें!” असें वहिनी दोन दिवस म्हणत होत्या.

जुना सेल्फ वर्तमानपत्रांत गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. त्या तरुणानें तपासून तो चांगला असल्याचें सांगितलें. भंगारवाल्याची हांक आली कीं वहिनी माझ्याकडे पाहतात, आणि मी अण्णांस औषधाची वेळ झाली काय तें विचारतों.