डब्याची जागा
— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

‘वार्षिकांकासाठी लेख द्यावेत’ असा फलक लागला की आमच्या वर्गात दोनच विषय निघतात : पाऊस आणि स्त्रीमुक्ती. दोन्ही विषयांबद्दल मला आदर आहे. परंतु यंदा मला लिहायचे आहे ते एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्याबद्दल. तो आमच्या भिंतीवर आहे, बहुधा तुमच्याही असेल. घरात इंटरनेट येते ते त्याच्यातून. तो भिंतीवर नेमका कुठे असावा, याविषयी माझे एक ठाम मत आहे. विषय क्षुल्लक वाटेल. मलाही पहिली दीड वर्षे तो क्षुल्लकच वाटत होता.

आमचे घर जुने. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, अशा एकामागे एक तीन खोल्या. भिंती दगडमातीच्या, हातभर जाड. वडील बाजार समितीत हमाली करतात. पहाटे चारला उठावे लागते, म्हणून रात्री नऊला ओटीवरचा दिवा मालवतो आणि तेथेच त्यांचे अंथरूण पडते. माजघरात आजी झोपते. उरले स्वयंपाकघर. भांडी घासून झाली, ओटा पुसला, की रात्रीपुरते ते माझे अभ्यासाचे दालन होते. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे अभ्यासाला जागा लागते, ही गोष्टच घराला नवी होती.

आता डबा कुठे होता? ओटीवर, टीव्हीच्या शेजारी! तो तेथे कोणी ठरवून लावला म्हणाल तर कोणीच नाही. तार रस्त्यावरच्या खांबावरून आली, रस्त्याकडची भिंत ओटीची, विजेचे बटण टीव्हीपाशी. कंपनीचा मुलगा म्हणाला, “इथेच लावतो, काका.” वडील म्हणाले, “लाव.” पंधरा मिनिटांत काम झाले. दादाचे क्रिकेटचे सामने झकास दिसू लागले आणि मागे स्वयंपाकघरात माझ्या मोबाईलवर एक रेघ यायची, तीही दार उघडे असले तर.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची रात्र होती. अर्ज ऑनलाइन. उत्पन्नाचा दाखला चढवायचा होता आणि पडद्यावरचे चक्र नुसते फिरत होते. वडिलांच्या उशाशी दिवा लावायला मन होईना, म्हणून मी बाहेर ओटीच्या खिडकीखाली पायरीवर जाऊन बसले. रात्रीचे अकरा वाजून गेलेले, अंगावर आईची शाल. अर्ज गेला. पण कडी वाजली म्हणून वडील उठून बाहेर आले. पोरगी एवढ्या रात्री मोबाईल घेऊन रस्त्यावर का बसली आहे, हे त्यांना समजावून सांगताना मला जी लाज वाटली ती मी विसरणार नाही. ते काही बोलले नाहीत. अर्ज गेल्याचा संदेश येईपर्यंत शेजारी बसून राहिले आणि चारला कामावर गेले.

तेव्हा मला वाटले, आपलेच नशीब. डबा हलवता येतो हे कोणाच्या डोक्यातच आले नाही. भिंतीला खिळा ठोकला की ती गोष्ट देवाने तेथे ठेवल्यासारखी वाटू लागते!

संधी आली ती या पावसाळ्यात. आमच्या डब्यावरचा लाल दिवा सलग नऊ दिवस जळत राहिला. हा दिवा लागला म्हणजे बाहेरून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही. तक्रारीचा क्रमांक मिळाला, माणूस मिळाला नाही. शेवटी वडीलच म्हणाले, “कंपनी बदला.”

बदलणे ऐकायला सोपे. मोबाईलचे आपल्याला सवयीचे झाले आहे. 2011 च्या जानेवारीपासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, नवे कार्ड घातले की झाले. घरच्या फायबरचे तसे नाही. आपल्याकडे बहुधा प्रत्येक कंपनी आपापली तार ओढते, म्हणून नवी कंपनी म्हणजे नवी तार, नवे भोक, नवा डबा. ब्रिटनमध्ये पुष्कळशा कंपन्या एकाच जाळ्यावरून सेवा देतात आणि सप्टेंबर 2024 पासून तेथे ग्राहकाने फक्त नव्या कंपनीला कळवायचे, जुनीचे दोर तीच सोडवते. आपल्याकडे ते येईल तेव्हा येईल. तथापि या गैरसोयीतच एक सोय दडलेली आहे, ती म्हणजे डब्याची जागा पुन्हा एकदा ठरवता येते.

मी हट्ट धरला की माणूस येण्यापूर्वी घरात बसून ठरवायचे. दादा हसला. आजीने देवळी सुचवली, म्हणजे भिंतीतला कोनाडा. “देवाशेजारी राहील, कोणाचा हात लागायचा नाही.” दादाचे म्हणणे, टीव्हीजवळून हलवायचाच नाही. आईला वाटले, फळीवर पिठाच्या डब्यांमागे ठेवावा, म्हणजे दिसणार नाही. मी तिला म्हटले, फोडणीची वाफ आणि तेलकट धूर त्याला सोसायचा नाही, शिवाय पत्र्याच्या डब्यांमागे ठेवला तर तो कोंडूनच पडेल.

मग आम्ही एक प्रयोग केला. विज्ञान शाखेच्या मित्रांनी हसू नये. भौतिकशास्त्राची आणि माझी ताटातूट दहावीलाच झाली. दादाच्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला आणि तो मोबाईल हाच नवा डबा असे समजून ठिकठिकाणी ठेवला. मी स्वयंपाकघरात माझ्या नेहमीच्या जागी बसून रेघा मोजल्या. टीव्हीजवळ ठेवला तेव्हा एक. देवळीत ठेवला तेव्हा तीही नाही, कारण देवळीला तीन बाजूंनी दगड. कपाटावर ठेवला तेव्हा एक येई आणि जाई. लोखंडी पत्रा या लहरींना वाट देत नाही. मग माजघरात, स्वयंपाकघराच्या दारालगत, चौकटीच्या उंचीवर ठेवला. तीन! ओटीवर जाऊन पाहिले, तेथेही तीन.

कारण उघड होते आणि आम्ही त्याच्यातून रोज ये-जा करत होतो. जुन्या घरांची दारे एका ओळीत असतात. पुढल्या दारात उभे राहिले की मागचे परसू दिसते. जाड भिंत जेथे अडवते तेथे उघडे दार वाट देते. डब्यातून निघणाऱ्या लहरी दोन जातींच्या असतात. एक 2.4 गिगाहर्ट्झची, ती वेगाला कमी पण भिंतीतून त्यातल्या त्यात पार होते. दुसरी 5 गिगाहर्ट्झची, ती वेगवान पण भिंतीपुढे लवकर हात टेकते. दोघींनाही दार आवडते. पणजोबांनी घर बांधले ते वाऱ्यासाठी. उपयोग हाही झाला.

ठरल्या दिवशी नव्या कंपनीचा मुलगा आला. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा असेल. त्याने टीव्हीकडे पाहिले आणि यंत्र काढले. मी म्हटले, “दादा, इथे नको. माजघरात लावायचा आहे.” तो म्हणाला, “आतपर्यंत तार जात नाही, ताई. सिग्नल कमी होतो.” वाय-फायच्या बाबतीत ते खरे, तारेच्या बाबतीत नव्हे. ही तार काचेची. तिच्या आतल्या काचेचा व्यास 125 मायक्रोमीटर, म्हणजे जवळपास केसाएवढा, आणि त्याच्याही मध्यभागी सुमारे नऊ मायक्रोमीटरच्या गाभ्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश धावतो. तो कित्येक किलोमीटर येतो. आमच्या घरातल्या आणखी दहा मीटरने त्याचे काय बिघडणार? बिघडते ते तार मोडून वळवल्याने. कोपऱ्यावर तिला काटकोनात दाबली तर प्रकाश वळणावर सांडतो. वळण निदान बांगडीएवढे गोल हवे.

(जाता जाता एक सांगते. काचेच्या तंतूंतून प्रकाश नेण्याच्या शास्त्राला ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ करणारे नरिंदरसिंग कपानी पंजाबातल्या मोग्याचे. अशा तंतूंतून दूरवर संदेश नेता येतील हे 1966 मध्ये मांडणाऱ्या चार्ल्स काओ यांना त्यासाठी 2009 मध्ये नोबेल मिळाले. आपल्या सामान्यज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ही नावे मी कधी पाहिली नाहीत.)

तो मुलगा चिडला नाही. एवढेच म्हणाला, “ताई, आम्हाला कनेक्शनमागे पैसे मिळतात. दिवसात पाच-सहा केली तर परवडते.” हे ऐकून माझा आवाज खाली आला. त्यालाही घर असेल, त्याच्याही घरी कोणी शिकत असेल. घाई त्याची नव्हे, त्याच्या मजुरीच्या पद्धतीची. आईने चहा ठेवला, दादाने शिडी धरली आणि तार तुळईच्या कडेने माजघरात आली. वीस मिनिटे जास्त लागली. भोक पाडताना त्याने आपणहून ते बाहेरच्या बाजूला उतरते पाडले आणि बाहेर तारेला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून आत न येता झोळातून ठिबकून जाते. पहिल्या भोकाचा उतार आत होता, त्यामुळे दोन पावसाळे आमची भिंत ओली राहिली होती. शेवटी त्याने मीटर लावून आकडा दाखवला : उणे एकवीस. हा उणे सत्तावीसच्या खाली घसरला तर संबंध तुटू लागतो, हेही त्यानेच सांगितले. मी तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. पुन्हा लाल दिवा लागला तर विचारायला बरा.

जुने कनेक्शन आम्ही नवे चार दिवस नीट चालेपर्यंत तोडले नाही. नव्या डब्याला वाय-फायचे नाव आणि परवलीचा शब्द जुनाच दिला, त्यामुळे घरातल्या कोणत्याही मोबाईलला काही शिकवावे लागले नाही. आजीला तर कंपनी बदलल्याचे अजून पटलेले नाही. खर्च एकच झाला : माजघरात विजेचा बोर्ड नव्हता, तो बसवायला साडेतीनशे रुपये गेले. वीज गेली की डबाही झोपतो. त्यासाठी छोटी बॅटरी मिळते, ती दिवाळीनंतर.

माझे म्हणणे असे की, कंपनीचा अर्ज आपले नाव विचारतो, पत्ता विचारतो, आधार कार्ड मागतो. घरात कोण शिकते आणि ते कुठे बसते, हे विचारत नाही. आणि कंपनीने विचारले नाही म्हणून आपणही विचारत नाही. मग तार जेथून येते तेथे डबा बसतो आणि तार येते रस्त्याकडून, म्हणजे घराचा जो भाग आधीच पुरुषांचा आणि पाहुण्यांचा, तेथेच. मागच्या खोलीत बसणाऱ्या बायकामुलींविरुद्ध कोणी कट केलेला नसतो. कोणी काही ठरवलेले नसते, एवढेच. आणि न ठरवलेल्या गोष्टींचा भुर्दंड नेहमी मागच्या खोलीलाच का बसावा?

दादाचा युक्तिवाद असा की, मोबाईलमध्ये डेटा असतोच, मग एवढा आटापिटा कशाला? त्याचे पॅक वेगळे, माझे वेगळे. माझा रोजचा डेटा दोन व्याख्यानांत संपतो. ‘मग रिपीटर घ्या’ असे दुकानदार म्हणतो. साधा रिपीटर तेच शब्द ऐकून पुन्हा उच्चारतो, त्यात वेग जवळजवळ निम्मा होतो आणि पैसे पूर्ण जातात. मोठ्या वाड्यात तो लागेलही. पण डबा एक खोली आत सरकवून जे होते, त्यासाठी यंत्र कशाला?

2019 च्या सप्टेंबरात केरळ उच्च न्यायालयाने एक निकाल दिला. वसतिगृहातल्या मुलींनी संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल जमा करावा, या नियमाला एका विद्यार्थिनीने नकार दिला, म्हणून तिला काढून टाकले होते. न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले आणि इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या अधिकाराचा भाग आहे असे म्हटले. राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी हा निकाल सांगितला तेव्हा मला खिडकीखालची पायरी आठवली. आमच्या घरी कोणी मोबाईल काढून घेतला नव्हता. बंदीही नव्हती. फक्त मध्ये एक भिंत होती आणि ती कोणाला दिसत नव्हती.

जुन्या कंपनीचा डबा अजून आमच्या कपाटावर पडून आहे. तो त्यांचा, परत द्यायचा आहे आणि पोच घेतल्याशिवाय द्यायचा नाही असे आईने बजावले आहे. ओटीच्या भिंतीतले भोक वडिलांनी सिमेंटने बुजवले. पुढच्या आठवड्यात समोरच्या वहिनींकडे कंपनी बदलायची आहे. त्यांची मुलगी बारावीला आहे, माळ्यावर बसते. माणूस येण्याआधी बोलाव, असे मी तिला सांगितले आहे. दादाचा मोबाईल मागून ठेवला आहे. तो देईल असे वाटते.