यंत्राचा गुडघा

हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये 1917 च्या आसपास कोल्हापूरचा एक पोरगा लोखंडाशी झटायचा आणि उरलेल्या वेळात न्यू डेक्कन सिनेमा या पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम करायचा. शांताराम वणकुद्रे त्याचं नाव. 1920 साली तो बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाला आणि पुढे व्ही. शांताराम म्हणून देशभर गाजला. पेंटरांचा कॅमेरा विलायतेहून आलेला नव्हता. सहकारी दामल्यांना हाताशी धरून त्यांनी तो 1918 साली कोल्हापुरातच तयार केला होता. त्याच दामल्यांनी फत्तेलालांबरोबर 1940 साली ‘प्रभात’साठी ‘संत ज्ञानेश्वर’ काढला आणि पडद्यावर भिंत चालवून दाखवली.

निर्जीव वस्तूला चालतं करण्याचा नाद आपल्याकडे असा जुना आहे. याच नादातून जगात वाढलेली एक कला मात्र हुबळी-धारवाडात अजून पोरखेळाच्या सदरात मोडते. रणगाड्यांचे, विमानांचे प्लास्टिक किट आणायचे, त्यांतले भाग मूळ जागेवर न लावता वेगळे काढायचे आणि त्यांतून कुठल्याच सैन्याकडे नसलेलं, पायांवर चालणारं अवाढव्य यंत्र उभं करायचं. छंदवाले याला किटबॅशिंग म्हणतात. ऐकणारा साधारणपणे दोनच गोष्टी विचारतो: पैसे किती गेले, आणि याचा उपयोग काय?

या छंदाचं घराणं मोठं आहे. चालत्या युद्धयंत्राची कल्पना एच. जी. वेल्सने 1897 साली मंगळावरच्या तीन पायांच्या यंत्रांतून मांडली. प्लास्टिक किटचं युग आल्यावर ती कल्पना हातात धरता येऊ लागली. जपानच्या तामिया कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा काढला तो 1/35 प्रमाणात, आणि तेही आत बॅटरीचा खोका मावावा म्हणून. पुढे तेच प्रमाण जगभर रूढ झालं. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’साठी यानांचे नमुने करणाऱ्यांनी असे किट ढिगाने फोडून त्यांचे तुकडे यानांच्या अंगावर चिकटवले. 1980 च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये चार पायांची एटी-एटी यंत्रं बर्फातून आली. फिल टिपेट, जॉन बर्ग आणि मंडळींनी ती एकेक फ्रेम घेत हलवली आणि त्यांची चाल बेतण्यासाठी खऱ्या हत्तीची चाल अभ्यासली. जपानमध्ये को योकोयामा यांनी 1982 पासून ‘हॉबी जपान’ मासिकात निरनिराळ्या किटच्या तुकड्यांतून घडवलेली चिलखती यंत्रं मांडली. पुढे त्यांचेच किट बाजारात आले. जे मोडून केलं होतं, तेच पुन्हा खोक्यात बसून विकलं गेलं.

हे काम जवळून पाहिलं तर पोरखेळ हा शब्द टिकत नाही. सुरुवात प्रमाणापासून होते. 1/35 मध्ये पावणेसहा फुटी माणूस पाच सेंटिमीटरचा होतो. म्हणजे टेबलावरचं 35 सेंटिमीटर उंचीचं यंत्र खऱ्या हिशेबात सव्वाबारा मीटर, चार मजली इमारतीएवढं. पण हे आकडे बघणाऱ्याला कोण सांगणार? ते सांगते शिडी, कठडा, माणूस आत शिरेल एवढं झाकण. शिडीच्या दोन पायऱ्यांत अंतर जास्त पडलं की चार मजली यंत्राचं क्षणात खेळणं होतं. दिवाळीच्या किल्ल्यात बुरुजापेक्षा मावळा उंच असतो तेव्हा आपण कौतुकाने हसतो. इथे ती सूट नाही.

मग येतो गुडघा. रणगाड्याची दोन चाकं पाठीला पाठ लावून चिकटवली की सांध्याची वाटी तयार होते; तिच्यातून पितळी सळई आरपार गेली नाही, तर वरच्या धडाचं वजन पाय फाकवून टाकतं. एक पाऊल उचललेलं दाखवायचं असेल, तर कंबर टेकलेल्या पायाकडे झुकली पाहिजे, नाहीतर यंत्र चालताना न दिसता अडखळल्यासारखं दिसतं. नळी कुठून तरी निघाली पाहिजे आणि कुठे तरी पोचली पाहिजे. दट्ट्या पूर्ण आत गेला तर पाय किती दुमडेल, हेही आधी ठरवावं लागतं. बारीकसारीक भाग सगळीकडे सारखे पेरले तर नजर कुठेच ठरत नाही. गर्दीशेजारी सपाट पत्रा मोकळा सोडावा लागतो. आणि जाणकाराने ‘हे तर पँथरचं चाक’ असं ओळखू नये, म्हणून ते कापून, उलटं करून, अर्धं झाकून बसवायचं. शेवटी राखाडी प्रायमरचा एक हात फिरला की हिरवे, पिवळे, पांढरे तुकडे पहिल्यांदाच एका यंत्राचे वाटू लागतात, आणि सांधे कुठे राहिले तेही उघडं पडतं.

याचे गुरू रस्त्यावर उभे असतात. जेसीबीचा हात पाहावा: दट्ट्याची सळई चकचकीत, पिनेपाशी काळं ग्रीस ओघळलेलं, बकेटच्या दातांवरचा पिवळा रंग पार उडालेला. यंत्राच्या पायाला चिखल लावायचा तर या जुळ्या शहरांत रंगही दोन मिळतात, धारवाडच्या बाजूची तांबडी माती आणि हुबळीकडची काळी. ज्याला यंत्र कुठून चालत आलं हे दाखवायचंय, त्याला कोणता चिखल कुठवर लागेल याचाही विचार करावा लागतो.

भार, सांधा, प्रमाण, झीज: अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला जे फळ्यावर शिकवतात, ते इथे बोटांना कळतं. म्हणून प्रश्न शाळांना विचारायला हवा. विज्ञान प्रदर्शनासाठी तयार ‘प्रोजेक्ट’ दुकानात मिळतात, नाहीतर पालक रात्र जागून करतात; मूल शेजारी उभं राहून पाठ केलेलं बोलतं. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत थ्रीडी प्रिंटर आले, ही चांगलीच गोष्ट. पण इंटरनेटवरून उतरवलेली आकृती छापून काढण्यात चुकायला जागा फार थोडी. दुसऱ्याच कामासाठी बनलेला तुकडा हातात घेऊन ‘हा इथे काय होऊ शकेल?’ असं स्वतःला विचारणं ही वेगळी बुद्धी आहे आणि तिला आपल्याकडे गुण नाहीत.

महागाईची तक्रार खरी आहे. आयात शुल्काच्या यादीत बाहुली, खुळखुळा आणि रणगाड्याचं स्केल मॉडेल एकाच 9503 या शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं शुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. देशी खेळणी उद्योगाला आधार हवा, याबद्दल वाद नाही. पण ज्या वस्तूचं उत्पादन इथे फारसं होतच नाही, तिच्यावरच्या शुल्काने संरक्षण कुणाचं होतं? कोप्पळ जिल्ह्यात भानापूरला खेळण्यांचं मोठं औद्योगिक संकुल आहे. 2021 च्या जानेवारीत त्याची पायाभरणी झाली. तिथल्या साच्यांतून सुट्या भागांच्या चौकटी निघाल्या, मग त्या जुन्या मीटरगेज इंजिनाच्या असोत की ट्रॅक्टरच्या, तर परदेशी रणगाड्यांवाचून अडणार नाही.

त्याच जिल्ह्यातलं किन्नाळ तर जोडकामाची शाळाच आहे. तिथले चित्रगार कारागीर हलक्या लाकडाचे तुकडे चिंचोक्याच्या खळीने जोडतात आणि सांध्यांवर तागाच्या चिंध्या व लाकडाचा भुसा यांचा लगदा भरतात. दागिन्यांची नक्षी उठावात काढायला खड्यांची पूड डिंकात कालवतात. मॉडेलवाल्याची पुट्टी याहून निराळं काय करते? या कारागिरांना वर्षातून चार दिवस धारवाडच्या मुलांसमोर बसवलं, तर दोघांनाही एकमेकांकडून घेण्यासारखं बरंच आहे.

जागेची अडचण नाही. कर्नाटक विद्यापीठाच्या आवारात प्रादेशिक विज्ञान केंद्र आहे, हुबळीत 2020 पासून रेल्वे संग्रहालय आहे. दोन्हीकडे यंत्रं पाहायला मिळतात. तिथे एखादं टेबल यंत्रं जोडायलाही असावं. बिघडलेले प्रिंटर, माउस, मोडकी खेळणी, रिकाम्या रिफिली टाकायला एक पेटी, कापायला चांगली हत्यारं, विरघळवणाऱ्या डिंकाचा वास कोंडू नये म्हणून उघडी खिडकी आणि कटर मुलांच्या हाती देताना शेजारी उभा राहणारा एक जाणता माणूस. रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या फिटरांपेक्षा चांगला माणूस या कामाला मिळायचा नाही.

हे होईल तेव्हा होवो. प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेत बदल तर येत्या वर्षीही करता येईल. थर्मोकोल किती स्वच्छ कापलंय याचे गुण कमी करावेत. परीक्षकांनी मुलाला मॉडेल हातात घ्यायला सांगावं, एका नळीवर बोट ठेवून ती कुठून निघते आणि कुठे जाते हे विचारावं, आणि कुठला भाग मूळचा कशाचा होता हेही. ज्याला हे सांगता येईल त्याचं मॉडेल वाकडं असलं तरी पहिला नंबर त्याला द्यावा.