खेळ आणि जुगार

द्रोणागिरीहून लोकलने निघालेला तरुण मोबाइलवर व्हिडिओ गेम खेळताना दिसला, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. परंतु सर्वच खेळांना एका मापाने मोजणे न्याय्य नव्हे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, हे योग्यच झाले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) मात्र अपहृत भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची कथा पौराणिक पार्श्वभूमीवर सांगतो. त्यासाठी २०१७ साली केलेले लोकवर्गणीचे आवाहन फसले. तरी निर्मात्यांनी जिद्द सोडली नाही. एकात कष्टाची कमाई बुडते, दुसऱ्यात कलावंतांना काम मिळते. हा भेद हौशी खेळाडू नेमका जाणतो. नाटकाची साक्षेपाने चिकित्सा करणाऱ्या मराठी समाजाने त्याचेही मत ऐकावयास काय हरकत आहे?