ईद होऊ द्या, मग बघू!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजानचा दुसरा आठवडा सरत आला होता. तरावीहची नमाज आटोपून माणसं घरी परतत होती आणि आमच्या दाराची कडी वाजली. दारात माझी जुनी विद्यार्थिनी उभी होती. कडेवर झोपलेलं मूल, हातात कापडी पिशवी, ओठ सुजलेला. रोजा तिनं नुसत्या खजूर-पाण्यावर सोडला होता. मी तिला जेवू घातलं, मुलाला निजवलं आणि मग मला जे शहाणपणाचं वाटलं ते केलं. तिच्या भावाला फोन लावला. तो सहेरीच्या आधीच आला. "मॅडम, ईद होऊ द्या, मग बसून बघू," म्हणाला. मीही मान हलवली. ती काही न बोलता चपला घालू लागली. तो तिला सासरी सोडून आला.

ईदनंतर कोणीच बसलं नाही. दोन महिन्यांनी ती शहागंजच्या बाजारात दिसली. हाताला प्लास्टर होतं. तिनंच आधी सलाम केला. मला मात्र तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

'ईद होऊ द्या' हे फक्त आमच्या मोहल्ल्यातलं बोलणं नाही. शेजारच्या घरात तेच 'दिवाळी होऊ दे' असतं, 'धाकटीचं लग्न उरकू दे' असतं, 'पोराची दहावी होऊ दे' असतं. कुठे मुलगी माहेरी चार दिवसांची पाहुणी असते, तर कुठे डोली गेली त्या घरातून जनाजाच निघावा म्हणतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींमागे एकीनं पतीकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त 14 टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली. 77 टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, कोणाला सांगितलंही नाही. आमची कडी वाजवणारी मुलगी त्या 14 टक्क्यांतली होती. तिला पुन्हा गप्प बसायला आम्हीच शिकवलं.

कायदा काय म्हणतो, ते त्या रात्री मला ठाऊक असायला हवं होतं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. तो सगळ्या धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. बायकोइतकाच तो आईलाही लागू होतो आणि बहिणीलाही. घर कोणाच्याही नावावर असो, नांदत्या घरात राहण्याचा हक्क तो तिला देतो. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते. अर्जाची पहिली सुनावणी न्यायालयानं साधारणपणे तीन दिवसांच्या आत ठेवावी, असंही त्यात म्हटलं आहे. वकिलासाठी पैसे नसले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे आणि तातडीच्या वेळी 112. 2015 पासून 'सखी' वन स्टॉप सेंटरची योजना आली. दवाखाना, पोलिस, वकील, समुपदेशन या सगळ्यांची मदत एकाच ठिकाणाहून मिळावी आणि पाच दिवसांपर्यंत राहता यावं, अशी ती सोय आहे. त्यापुढे जास्त दिवस राहण्यासाठी 'शक्ती सदन' आहे. स्त्रीनं किंवा संरक्षण अधिकाऱ्यानं विनंती केली तर निवारागृहानं आसरा द्यावा, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

एवढं असूनही दोन जागा उघड्या राहतात. एक म्हणजे पहिली रात्र. कचेऱ्या दिवसा उघडतात, मार बहुधा रात्री पडतो. अकरा वाजता ती कचेरी शोधत नाही, ओळखीचं दार शोधते. दुसरी जागा सहाव्या दिवसाची. निवारागृहात जावं तर 'आश्रमात राहिलेली बाई' असा शिक्का बसेल, म्हणून ती कचरते. भाड्याची खोली बघावी तर डिपॉझिट कुठून आणायचं? एकट्या बाईला खोली कोण देतं? आधार कार्ड, निकाहनामा, मुलाचा जन्मदाखला, सगळं सासरच्या कपाटात. या दोन्ही वेळी सरकारपेक्षा शेजारी आणि समाजच जास्त उपयोगी पडतो. आणि समाजाकडे देण्यासारखं सर्वात जास्त असतं ते याच महिन्यात.

जकातीचा हिशेब सध्या घराघरात चालू आहे. शिल्लक संपत्तीच्या अडीच टक्के. ती कोणाला द्यायची याचे आठ हकदार कुराणानं सांगितले आहेत. त्यात गरीब आहे, कर्जदार आहे आणि मुसाफिरही आहे. घरी मालमत्ता असली तरी वाटेत हाताशी काही नाही, असा मुसाफिर. जिची मेहर आणि दागिने सासरी अडकलेत आणि जी पिशवी घेऊन रस्त्यावर आली, ती यापेक्षा वेगळी कोण? हे माझं मत. उलेमांनी यावर बोलावं, मला ऐकायला आवडेल. हनफी रिवाजात जकात हकदाराच्या हाती मालकीनं द्यावी लागते, म्हणून इमारत बांधायला ती चालत नाही. पण त्या बाईच्या हातात खोलीचं डिपॉझिट, कोर्टात जायचं भाडं, शिलाई मशीनचे पैसे ठेवता येतात. इमारतीसाठी सदका आणि देणग्या आहेतच.

आणखी एक नियम आहे, तो बापांनी जरा थांबून वाचावा. हकदार असेल तर बहिणीला जकात देता येते, पण पोटच्या मुलीला देता येत नाही. कारण गरजू मुलीला सांभाळणं हे दान नाही, ती बापाची जबाबदारीच आहे. मग लग्न झालं म्हणून तिच्यासाठी दार बंद करण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

पानचक्की बघायला आपण पाहुण्यांना हौसेनं घेऊन जातो. ते जातं बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहमध्ये येणाऱ्या वाटसरूंच्या भाकरीसाठी दळत होतं. कोण, कुठला, हे न विचारता ठेवून घेण्याची सवय या शहराला नवी नाही.

मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना एक विनंती. समझोता जरूर करा, पण आधी ती सुरक्षित जागी आहे ना ते बघा, आणि तिला तो हवा आहे का हे तिला एकटीला विचारा. सब्र या शब्दाचा अर्थ मार खाणं असा नाही. तरावीहमध्ये अखेरच्या दिवसांत अठ्ठाविसावा पारा येतो. तो सुरू होतो सूरह मुजादिलानं, म्हणजे आपली बाजू मांडत वाद घालणाऱ्या स्त्रीच्या नावानं. खौला बिन्त सालबा नवऱ्याची तक्रार घेऊन पैगंबरांकडे गेल्या होत्या. त्यांना कोणी 'ईदनंतर या' म्हटलं नाही. त्यांची तक्रार ऐकली गेली, नवऱ्याला चुकीचं प्रायश्चित्त सांगितलं गेलं. दरवर्षी आपण ही सूरह हात बांधून ऐकतो आणि घरी येऊन मुलीला गप्प करतो.

आमच्या घरी आता मागच्या खोलीत एक गादी जास्तीची असते. फ्रिजवर 181 आणि संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर चिकटवलेला आहे. पुन्हा कडी वाजली तर जेवू घातल्यावर भावाला फोन लावणार नाही. आधी तिलाच विचारीन, "बेटा, तुला काय हवंय?"